पॅलेट निवडताना कुणाला विचारलं?

सोमवार उजाडला की खरेदीताईंच्या कपाळाला आठी पडायची. ऑफिसात शिरून पर्स टेबलावर ठेवतात न ठेवतात तोच संगणकावर फोटो हजर! फुटलेल्या बेसिनचे फोटो. पांढरंशुभ्र, गुळगुळीत बेसिन आणि मधोमध केसासारखी चीर. एखाद्याचा कोपराच उडालेला, एखाद्याचे सरळ दोन तुकडे. आणि खाली, माल जिथं उतरायचा त्या डेपोकडून नेहमीची ओळ : 'याही खेपेला नऊ नग फुटके. कृपया लक्ष द्यावे.'

"कृपया लक्ष द्यावे म्हणे!" खरेदीताई स्वतःशीच फणकारायच्या. "गेले चार महिने मी दुसरं काय करतेय? झोपा काढतेय?"

हा कारखाना हात धुण्याची बेसिन बनवणारा. खोके, पट्ट्या, चिकटपट्टी, खिळे, जे जे म्हणून बाहेरून विकत यायचं त्याच्यावर या बाईंची सही लागायची, म्हणून सगळे त्यांना खरेदीताई म्हणत. बाई हुशार, कामाला वाघ, पण तोंडानं फटकळ. आणि या चार महिन्यांत तर त्यांच्या वाऱ्याला उभं राहायची सोय उरली नव्हती.

दर सोमवारी मीटिंग भरायची. मीटिंग कसली, एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडायचा कार्यक्रमच तो! पॅकिंगवाले काका म्हणायचे, "आमच्याकडून खोका धडधाकट जातो. चढवताना आपटत असतील." वाहतुकीचं बघणारा म्हणायचा, "रस्ते बघितलेत का तुम्ही? पोटातलं पाणी हलतं तिथं, बेसिनची काय कथा!" आणि सगळ्यांचं ऐकून झालं की मोठे साहेब चष्मा काढून डोळे चोळायचे आणि म्हणायचे, "मला कारणं नकोत. काहीतरी करा."

'काहीतरी करा' हे मोठं सोयीचं वाक्य आहे. ते म्हणणाऱ्याला स्वतःला काहीच करावं लागत नाही!

शेवटी एका सोमवारी सगळ्यांचं बोट पॅलेटवर आलं. पॅलेट म्हणजे लाकडी फळ्या ठोकून केलेला मोठा पाट. त्यावर खोके रचायचे, वरून पट्ट्या आवळायच्या, आणि फोर्कलिफ्टचे दोन लोखंडी हात खाली घालून अख्खा डोलारा एकदम उचलायचा. ही पॅलेट्स जुन्या सुताराकडून यायची आणि डेपोवर पोचेपर्यंत निम्म्यांच्या खालच्या फळ्या मोडलेल्या असायच्या.

झालं! दुसऱ्याच दिवशी एक विक्रेता दारात. केसांना तेल, हातात जाडजूड कॅटलॉग. "मॅडम, लाकूड विसरा आता," तो म्हणाला. "प्लास्टिक घ्या. निळं घ्या, हिरवं घ्या, दहा वर्षं बघायला नको." मग आणखी एक आला, तो भुसा दाबून केलेली पॅलेट्स घेऊन. तिसऱ्यानं लोखंडाची आणली. खरेदीताईंच्या टेबलावर कॅटलॉगांची अशी चळत लागली की पलीकडचा माणूस दिसेना. कुणाचं वजन जास्त, कुणाचं आयुष्य जास्त, कुणाचा रंग झकास. वाचता वाचता बाईंच्या तोंडाला फेस आला.

त्याच आठवड्यात एकदा पैलवान केबिनच्या दारात येऊन उभा राहिला होता.

पैलवान हा मालचढाईचा मुकादम. नावाला पैलवान, अंगानं काडी! वारा आला तर उडून जाईल असा. पण वीस वर्षं त्या आवारात त्याच्या हाताखालून माल गेला होता. त्याच्या हातात मोडक्या फळीचा एक तुकडा होता.

"मॅडम, जरा बोलायचं होतं. ही फळी..."

"आत्ता नाही. मी पॅलेटच्या कामात आहे," खरेदीताई कॅटलॉगमधून डोकं वर न काढता म्हणाल्या.

"त्याचंच बोलायचं होतं."

"अरे, तू तुझं काम कर ना! ते बघायला आम्ही आहोत."

पैलवान फळी घेऊन निघून गेला.

पुढच्या सोमवारी फोटो आले ते एकवीस फुटक्या बेसिनचे. एकवीस! मोठ्या साहेबांनी फोनवरच असा आवाज चढवला की बाहेर बसलेल्या टंकलेखिकेनं मान खाली घातली. खरेदीताई तशाच तडक खाली आवारात गेल्या. दहा-बारा माणसं गाडी भरत होती. त्या सगळ्यांच्या देखत त्यांनी पैलवानाला धारेवर धरलं.

"तुझ्या हाताखालची माणसं माल आपटतात आणि शिव्या मी खाते! वीस वर्षं इथं आहेस ना? एवढं कळत नाही, बेसिन आहे, दगड नव्हे? बस झालं. उद्यापासून येऊ नकोस!"

गाडी भरणाऱ्यांचे हात थांबले. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यानं इंजिनसुद्धा बंद केलं. पैलवानानं हातातले मोजे काढले, नीट घडी करून कठड्यावर ठेवले. ओरडला नाही की गयावया केली नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, एकदा तिथं जाऊन बघा." आणि चालू लागला.

खरेदीताईंना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण कुठलं काय! पैलवान गेला, नवा मुकादम आला, माल तळहातावरच्या फोडासारखा चढवला जाऊ लागला, आणि पुढच्या सोमवारी फुटकी बेसिनं तेवीस!

त्या संध्याकाळी घरी त्यांनी भांड्यांचा असा आवाज केला की नवरा वर्तमानपत्र बाजूला ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आला. तो शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा. काचेच्या नळ्या-चंबूंची मोडतोड त्याच्या रोजच्या ओळखीची.

"काय झालं?"

"तेवीस! त्याला काढला तरी तेवीस!"

"मग तो फोडत नव्हता म्हणायचं," नवरा शांतपणे म्हणाला.

"तू पण आता त्याचीच बाजू घे!"

"बाजू कसली घेतोय? माझ्याकडे चंबू फुटला की मी आधी टेबल बघतो. टेबल डगमगतंय का, तिथं ओल आहे का. पोरांना ओरडायला काय, नंतरही ओरडता येतं. तू ते डेपोवरचं टेबल कधी बघितलंस का?"

खरेदीताईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. कारण उत्तर 'नाही' होतं. नऊ वर्षं त्या पॅलेट विकत घेत होत्या आणि त्यांचं पॅलेट जिथं उतरतं ती जागा त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती! रागाच्या भरात त्यांनी ठरवून टाकलं. उद्या गाडीबरोबर आपण स्वतः जायचं, आणि डेपोवाल्यांना रंगेहाथ पकडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीच्या पुढच्या भागात चढून बसल्या तेव्हा चालकानं आ वासला. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण एकदा सुरू झाला की तो बंद व्हायचा नाही. पाच तासांच्या वाटेत त्यानं बाईंना स्वतःच्या दोन्ही मेव्हण्यांची भांडणं, गुडघ्याचं दुखणं आणि टायरचे प्रकार इत्थंभूत सांगितले. खरेदीताई मात्र खड्डे मोजत होत्या. आणि मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं की रेडिओ खड्ड्याआधी गाडी गोगलगायीसारखी हाकतो. दोनदा थांबवून मागं चढून पट्ट्या तपासल्या. माल जागचा हललेला नव्हता.

"म्हणजे रस्त्यात फुटत नाहीत," त्या पुटपुटल्या.

"रस्त्यात कशाला फुटतील?" रेडिओ म्हणाला. "फुटतात ते उतरवताना. पैलवानाला सांगितलं होतं की मी. त्यानं सांगितलं नाही तुम्हाला?"

खरेदीताईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

डेपो एका अरुंद उतरत्या गल्लीत होता. दोन्ही बाजूंना गोदामं, मध्ये जेमतेम एक गाडी मावेल एवढी वाट. गाडी मागं लावून मागचं दार उघडायला तिथं जागाच नव्हती. म्हणून रेडिओनं गाडी गल्लीत डेपोच्या दाराला लागून लावली आणि तिची एक बाजू अख्खी उघडली. आतून फोर्कलिफ्ट आलं, आणि त्याच्या मागून पांढऱ्या केसांची, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई. डेपोची उतराई तिच्या हाती. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत.

"तुम्ही कारखान्याच्या ऑफिसातनं आलात?" मावशीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "देव पावला म्हणायचं! बसू नका. उभ्या राहा इथं, आणि बघा."

खरेदीताईंनी पाहिलं.

कारखान्यात गाडी मागून भरली जायची. फोर्कलिफ्टचे हात पॅलेटच्या पुढच्या अंगानं आत जायचे, तिथं मोकळी फट होती. इथं माल बाजूनं उतरवायचा. आणि पॅलेटच्या त्या अंगाला फट नव्हतीच! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाड, सलग तुळई. हात घालायचे कुठून? दोन माणसं पहारी घेऊन वर चढली. त्यांनी पहार खाली खुपसून पॅलेट दोन बोटं उचललं. फोर्कलिफ्टचा हात त्या फटीत घुसवला. फळी कडकडली. खोक्यांचा डोलारा एका अंगाला कलला, चार माणसांनी छाती लावून तो तोलून धरला, आणि आतून बारीकसा आवाज आला. टिक्!

"हा गेला एक," मावशी म्हणाली.

"अहो, पण माणसं! त्या माणसांच्या अंगावर आलं तर?" खरेदीताई ओरडल्याच.

"आलं होतं की. गेल्या महिन्यात एकाचा पाय थोडक्यात वाचला. अंगठ्याचं नख गेलं तेवढं." मावशीनं कमरेवर हात ठेवले. "आणि ते खोके बघा, पॅलेटच्या बाहेर चार चार बोटं लोंबतायत. सगळ्यात खालच्या खोक्याचा कोपरा अधांतरी, आणि वर पाच खोक्यांचं ओझं. तुमचा खोका मोठा झाला, पॅलेट मात्र तेवढंच राहिलं!"

खरंच की! पाचेक महिन्यांपूर्वी मोठ्या बेसिनची नवी जात निघाली, खोके मोठे झाले. नव्या खोक्यावरही आपलीच सही होती, हे खरेदीताईंना आठवलं.

"आम्ही प्लास्टिकची पॅलेट्स घेणार आहोत," त्या कसनुशा म्हणाल्या. "चांगली दणकट आहेत. दहा वर्षं टिकतात."

"दहा वर्षं टिकून करायची काय?" मावशी उसळली. "तुमचं पॅलेट इथून पुढं दुकानात जातं आणि तिथंच राहतं. परत कोण आणून देणार आहे? प्लास्टिक वाईट नाही हो. पलीकडच्या गोदामात औषधं येतात, त्यांची पॅलेट्स फिरून परत जातात, धुता येतात, त्यांना तेच बरं. पण बाई, या गल्लीला उतार आहे. गुळगुळीत पॅलेटवर तुमचे खोके घसरले तर पट्टीच्या जिवावर किती राहतील? सगळ्यांना चांगलं असं पॅलेट नसतं. काय ठेवायचं, कुठं उतरायचं, कोणत्या अंगानं उचलायचं आणि कोण उचलणार, एवढं बघितलं की पॅलेट आपोआप ठरतं. तुम्ही कुणाला विचारलंत?"

"मी... तिघांकडून माहिती मागवली होती."

"विकणाऱ्यांकडून! उचलणाऱ्याला विचारलंत का?"

खरेदीताईंनी नाही म्हणून मान हलवली.

"आम्ही काय कमी कळवलं?" मावशीचा आवाज आता खाली आला, आणि तो खाली आलेला आवाजच जास्त झोंबला. "फोटोखाली लिहायला गेलं तर आमच्या ऑफिसातला पोरगा म्हणतो, एकाच ओळीची जागा आहे. म्हणून तुमच्या त्या काडीपैलवानाला चिठ्ठ्या दिल्या. तीन दिल्या. तो स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी इथं येऊन बघून गेला. मोडकी फळी घेऊन गेला, साहेबलोकांना दाखवतो म्हणाला. कुठं आहे तो हल्ली?"

खरेदीताईंच्या डोळ्यांसमोर केबिनचं दार आलं. दारातला तो काटकुळा माणूस, हातातली फळी. 'त्याचंच बोलायचं होतं.' आणि आपण? आपण मान वर करून पाहिलंसुद्धा नाही! ज्यानं रोग शोधून काढला त्यालाच आपण रोग समजून हाकलून दिलं!

"मी त्याला कामावरून काढलं," त्या म्हणाल्या.

मावशी पाठ फिरवून गाडीकडे वळली. तिनं पहारवाल्यांना पुढचं पॅलेट घ्यायला खूण केली. खरेदीताईंना तेव्हा चार शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या साहेबांना सगळं सांगून पैलवानाच्या घरी गेल्या. जिन्याखालची एक खोली आणि छोटा ओटा. दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिनं 'या' म्हटलं, पण कोरडं. खुर्ची पुढं केली, पण पुसली नाही. पैलवान आत बादलीची कडी दुरुस्त करत होता.

खरेदीताई उभ्यानंच बोलल्या. "मी जाऊन बघून आले. तुमचं बरोबर होतं. माझी चूक झाली. तुम्ही परत या."

पहिल्यांदाच त्या त्याला 'तुम्ही' म्हणाल्या. तो त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा होता!

"दुसरीकडे बोलणं झालंय माझं," पैलवान कडी घासत म्हणाला. "बघतो."

"ऐकून तरी घ्या..."

"ऐकतोय की, मॅडम." त्यानं बादली खाली ठेवली. "माझा राग गेला नाही, उगाच कशाला खोटं बोलू? काम गेलं त्याचं एवढं नाही. पण तुम्ही बोललात ते सगळ्यांच्या देखत. माझ्या हाताखाली शिकलेली माणसं खाली बघत होती. आणि आता चूक झाली हे सांगायला माझ्या घरी आलात. इथं कोण ऐकतंय? ही, आणि बादली."

त्याची बायको पहिल्यांदाच थोडी हसली. खरेदीताईंना ते झोंबलं. पण तो म्हणत होता त्यात खोट कुठं होती?

खरेदीताई आवारात सगळ्यांसमोर माफी मागणार हे ऐकून मोठ्या साहेबांना घाम फुटला. "कामगारांसमोर माफी? अहो, शिस्त बिघडेल! उद्या कुणी आपलं ऐकणार नाही."

"साहेब, आपण कुणाचं ऐकत नाही म्हणून तर चार महिने फुटकी बेसिनं मोजतोय!" खरेदीताई उसळून म्हणाल्या. "चिडून चिडून माझं रक्त आटलं, आणि उत्तर आपल्याच आवारात होतं. शिस्त बिघडायची ती कधीच बिघडलीय."

शुक्रवारी सकाळी गाडी भरायच्या वेळी त्या आवारात गेल्या. पैलवान फाटकाशी उभा होता, आत यावं की न यावं अशा बेतात. खरेदीताईंचा आवाज एरवी आवारभर घुमायचा, त्या दिवशी पहिली दोन वाक्यं कुणाला ऐकूच गेली नाहीत. मग त्यांनी आवाज चढवला.

"पैलवानांनी माल फोडला, असं मी इथं उभी राहून म्हणाले होते. ते खोटं होतं. माल मी निवडलेल्या पॅलेटमुळे फुटत होता. त्यांनी मला ते सांगायचा प्रयत्न केला, मी ऐकलं नाही. त्यांची मी माफी मागते. तुमचीही मागते, कारण त्या पॅलेटखाली उद्या तुमच्यापैकी कुणाचा पाय सापडला असता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फोर्कलिफ्टवाल्यानं नुसती टोपी काढून डोकं खाजवलं. पैलवान पुढं आला, कठड्यावर अजून तसेच पडलेले आपले मोजे उचलले आणि म्हणाला, "खडू आहे का कुणाकडे?"

मग त्या आवाराच्या फरशीवर कारखान्यातली पहिली खरीखुरी मीटिंग झाली! पैलवानानं नवा खोका जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती रेघ मारली. एकाशेजारी एक असे खोके मांडून पॅलेटचं माप काढलं, खोका काठाबाहेर बोटभरही जाणार नाही असं. जुन्या सुताराला बोलावलं. तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "चारी बाजूंनी फोर्क जाईल असं पाहिजे होतं? मग आधी सांगायचं ना! सलग तुळईऐवजी खाली ठोकळे देतो. वरच्या फळ्या जवळ जवळ घेतो. लाकूड नीट वाळलेलं वापरतो." इतकं सोपं! नऊ वर्षं तो पॅलेट देत होता आणि त्याला ते कुठं उतरतं हे कुणी सांगितलं नव्हतं. फोर्कलिफ्टवाल्यानं ठोकळ्यांची उंची दोन बोटं वाढवायला लावली. मावशीला फोन लावला, तर ती तिकडून म्हणाली, "कोपऱ्यातल्या खिळ्यांची डोकी आत ठोका, खोके फाटतात." खरेदीताईंनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. कॅटलॉगवाला त्याच दिवशी पुन्हा आला होता. त्याला त्यांनी औषधवाल्या गोदामाचा पत्ता दिला.

तीन आठवड्यांनी नव्या पॅलेटवरची पहिली गाडी गेली. सोमवारी खरेदीताईंनी पर्ससुद्धा खाली न ठेवता संगणक उघडला. एक फोटो होता. एकच बेसिन, त्याचाही फक्त टवका उडालेला. पॅकिंगवाले काका म्हणाले, "आता या एकाचं खापर कुणावर फोडायचं?" तेव्हा किती महिन्यांनी त्या खोलीत सगळे हसले!

पैलवान कामावर राहिला. त्यानं बाईंना मनापासून माफ केलं की नाही हे त्याचं त्यालाच ठाऊक. तो काही गोड गोड बोलणाऱ्यांतला नव्हता. पण मोठ्या साहेबांनी पुढच्या मीटिंगला त्याला वर बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "मी वर येऊन काय करू? बोलायचंय ते खाली आहे. तुम्हीच या." आणि साहेब, हो-नाही करता करता, जिना उतरले.

वाचकहो, पॅलेट म्हणजे काही लाकडाच्या चार फळ्या नव्हेत. त्याच्यावर आपला माल असतो आणि त्याच्या खाली दुसऱ्याचे पाय असतात. स्वस्त कोणतं, टिकाऊ कोणतं, दिसायला झकास कोणतं, हे विकणारा सांगेल. पण योग्य कोणतं, हे ते रोज उचलणाराच सांगू शकतो. आपल्या घरात, ऑफिसात, कारखान्यात आपण दुसऱ्यांच्या कामाच्या वस्तू किती सहज निवडतो आणि त्या मोडल्या की किती सहज त्या दुसऱ्यालाच दोष देतो! निवडण्याआधी एकदा त्याला विचारावं. त्यानं सांगितलेलं मान वर करून ऐकावं. आणि आपण चुकलो असू, तर जितक्या मोठ्यानं त्याला बोललो होतो, तितक्याच मोठ्यानं ती चूक कबूल करावी.